चाकाचा चौथा नट

चातुर्मासातील एका रविवारची गोष्ट. कुंथलगिरीचे दर्शन आटोपून बार्शीचे एक धान्यव्यापारी कुटुंब घराकडे परतत होते. गाडीत वडील, आई, विशीतला मुलगा आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी. सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग हा आजींचा अनेक वर्षांचा नियम. दिवस असताना जेवण, जेवणानंतर रक्तदाबाची गोळी आणि मग दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाणीसुद्धा नाही, असा त्यांचा दिनक्रम. सूर्यास्तापूर्वी घर गाठण्याइतका वेळ हाताशी होता. वाटेत मागचे डावे चाक पंक्चर झाले, तरीही कोणी फारसे चिंतेत पडले नाही. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता आणि मुलाच्या अंगात बळही होते.

तीन नट घाम काढून सुटले. चौथा जागचा हलेना. मुलाने दोन्ही हातांनी जोर लावला, मग पान्यावर पाय ठेवला, मग पान्यावर उभा राहिला. पाना घसरला, नटाचे कोपरे झिजले आणि मुलाची नडगी सोलवटून निघाली. नट आता सुटेल, मग सुटेल, या आशेवर सर्वांचे लक्ष चाकाकडे खिळून राहिले. पिशवीत दोन केळी होती, पाणी होते. पण त्याची आठवण कोणालाच झाली नाही. सूर्य केव्हा बुडाला हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. आजींच्या मात्र आले होते. त्यांनी गाडीत बसल्या जागी हात जोडले आणि मनोमन त्याग घेतला.

थोड्या वेळाने एक टेम्पो थांबला. चालकाने खाली उतरून नट निरखला आणि म्हणाला, “शेठजी, आता याला कोणी हात लावू नका. जोर लावायचा तो शेवटी. आधी त्याला सैल व्हायला वेळ द्या.” त्याने आपल्या पेटीतून गंज सोडवणारे तेल काढून नटाच्या मुळाशी थोडे मारले. वीस मिनिटे तो नुसता बसून राहिला. मध्येच हातोडीने नटावर हलके ठोके देई. मग सहा कोनांचा गोटी पाना नटावर ठोकून बसवला, त्याला लांब दांडा जोडला आणि नट सोडवण्याऐवजी आधी किंचित आवळला. बारीकसा ‘कट्’ असा आवाज झाला. त्यानंतर उलट दिशेने संथ, सारखा जोर देताच नट फिरला.

घरी पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. आई हळहळली, तेव्हा आजी म्हणाल्या, “माझा उपवास घडला, त्याचे काही वाईट वाटून घेऊ नका. पण ते चाक याआधी कधी उघडले होते, ते मला कोणी सांगेल का?” त्याचे उत्तर घरात कोणाकडेही नव्हते.

नट अडतो कशामुळे

आजींच्या प्रश्नातच या दुखण्याचे निदान आहे. चाक ज्यावर बसते त्या हबमधून पोलादी स्टड बाहेर आलेले असतात. त्यांच्या आट्यांवरून नट फिरत आत गेला की तो चाकाला हबवर दाबतो. आवळणीच्या अखेरच्या टप्प्यात स्टड अत्यंत सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला धरून ठेवतो. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत स्टड आणि नट यांच्या जागी बोल्ट असतात, परंतु तत्त्व हेच.

नट अडण्याचे पहिले कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आटे एकमेकांत बसतात तिथे मोकळी जागा जवळजवळ नसतेच. पावसाचे पाणी त्या फटीत शिरले आणि महिनोन्‌महिने नट हलवला गेला नाही, तर फुगलेला गंज पाचरीसारखा आत ठासून बसतो. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर हवेतील खारटपणामुळे हे अधिक लवकर घडते.

दुसरे कारण मानवी आहे आणि अलीकडे तेच अधिक आढळते. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट क्षणार्धात बसतात. काम झटपट होते, ग्राहकालाही ‘खूप घट्ट बसवले’ याचे समाधान वाटते. परंतु गनचा ठोका मर्यादेपलीकडे गेला तर स्टड गरजेपेक्षा अधिक ताणला जातो आणि आटे कायमचे दबतात. असा नट गंज नसतानाही साध्या पान्याला दाद देत नाही.

तिसरे कारण हलगर्जी बसवणी. आट्यांत माती किंवा खडा असताना, अथवा नट तिरका लागलेला असताना तो पान्याने रेटला, तर आट्यांवर आटे चढतात. आत जाताना कुरकुरणारा नट बाहेर येताना हटून बसतोच. चौथे कारण अ‍ॅलॉय चाकांशी निगडित आहे. अ‍ॅल्युमिनियमचे चाक, पोलादी हब आणि त्यांच्यामध्ये ओलावा, विशेषतः खारट ओलावा, असा संयोग झाला की दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिथे पांढरट, कडक थर साचतो. मग नट सुटले तरी चाक हबला चिकटून राहते.

घट्ट म्हणजे किती घट्ट

तराजूशी नाते असलेल्या वाचकांना हे गणित सहज उमगेल. नट किती आवळावा याचे माप न्यूटन-मीटर या एककात सांगतात. बहुतेक लहान व मध्यम मोटारींसाठी ते साधारण 85 ते 130 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत पाहावा आणि तोच प्रमाण मानावा.

समजा हा आकडा 100 आहे. पाना पाव मीटर लांबीचा असेल, तर त्याच्या टोकाशी सुमारे 40 किलो वजन टांगल्यावर जो पीळ बसेल, तेवढी ही आवळणी. 70 किलो वजनाचा मनुष्य त्याच पान्यावर उभा राहिला तर पीळ 170 च्या आसपास जातो. त्याने उडी मारली तर तो कुठवर जाईल याचा हिशेबच उरत नाही. पान्याला एक मीटरची नळी जोडून तोच मनुष्य पूर्ण भाराने लटकला, तर पीळ 680 च्या घरात पोहोचतो. तेवढ्यात स्टड तुटूही शकतो. म्हणून चाक बसवताना पान्यावर पाय देणे किंवा नळी लावणे हे दोन्ही वर्ज्य समजावे.

उलट बाजूने, सैल नट हा अधिक मोठा धोका आहे. नट पुरेसा आवळला नसेल तर चाक डुगडुगते, स्टड थकून तुटतात आणि चाक निखळू शकते. मापात कमी देणे जसे चूक, तसेच येथे अधिक देणेही चूकच. माप सांगणारा टॉर्क रेंच आता अवजारांच्या दुकानांत मिळतो. ठरवलेल्या आकड्याला पोहोचताच तो ‘टक्’ असा इशारा देतो. दोनतीन वाहने असलेल्या व्यापारी घराने तो एकदा विकत घ्यावा.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी सांगणे अगत्याचे आहे. नट गंजू नये म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मात्र आवळताना लावलेल्या जोरापैकी जवळजवळ नऊ दशांश भाग घर्षणात खर्च होतो आणि उरलेल्या एका भागानेच स्टड ताणला जातो. तेलाने घर्षण घटले की तेवढ्याच पिळाने स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. पुस्तिकेतील आकडा सामान्यतः स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. म्हणून निर्मात्याने स्पष्ट सांगितल्याखेरीज आट्यांना आणि नट टेकतो त्या उतरत्या बैठकीला वंगण लावू नये. वंगणाची खरी जागा हबच्या मधल्या उंचवट्यावर, जिथे चाकाचे मधले भोक बसते तिथे आहे. तिथे अगदी पातळ थर पुरतो. ब्रेकच्या तबकडीला मात्र त्याचा स्पर्शही होता कामा नये.

वर्षातून दोन दिवस

सारांश, नट अडू नये यासाठी लागते ती आठवण. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत प्रमादाची गणना मिथ्यात्व आणि अविरती यांच्याबरोबर केली आहे. व्यवहारातील प्रमादही असाच मूकपणे साचत जातो. बार्शीच्या त्या कुटुंबात कोणी काही चूक ‘केली’ नव्हती. दहा महिने कोणी काही केलेच नव्हते.

जैन घरांत दोन दिवस विसरले जात नाहीत. एक अक्षय्य तृतीया, भगवान ऋषभदेवांच्या पारण्याचा दिवस. दुसरा दिवाळी, भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. पहिला पावसाळ्यापूर्वी येतो आणि दुसरा पावसाळा सरल्यावर. चाकांच्या तपासणीसाठी याहून सोयीचे वेळापत्रक शोधूनही सापडणार नाही. त्या दिवसांच्या आसपासची एखादी मोकळी सकाळ यासाठी राखून ठेवावी.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, गिअर टाकावा, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला पुढून-मागून दगड किंवा ठोकळा लावावा. एका वेळी एकच चाक घ्यावे. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच जॅक लावावा. जॅकवरील गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. चाक उतरवून स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, कोरड्या फडक्याने पुसावेत, हबचा गंज खरवडून काढावा. आटे दबलेले किंवा नटाचे कोपरे गोल झालेले आढळले, तर तो नट अथवा स्टड त्याच आठवड्यात बदलून घ्यावा.

परत बसवताना प्रत्येक नट आधी बोटांनी चारपाच फेरे फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे असे समजून काढावा व पुन्हा लावावा. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे, म्हणजे फुलीच्या क्रमाने आवळावेत. अखेरची आवळणी चाक जमिनीवर टेकल्यावर ठरलेल्या मापाने करावी. पुढे 50 ते 100 किलोमीटर धाव झाल्यावर माप पुन्हा एकदा पडताळावे.

टायर बदलायला किंवा चाकांची अदलाबदल करायला दुकानात गेल्यावर घरच्या माणसाने शेजारी उभे राहावे. नट हाताने धरवावेत आणि शेवटची आवळणी गनने न करता हातपान्याने, मापाने करावी, असे कारागिराला विनयाने सांगावे. बहुतेक कारागीर ते आनंदाने मान्य करतात. निघण्यापूर्वी गाडीतल्याच पान्याने प्रत्येक चाकाचा एक नट सोडवून पाहावा आणि पुन्हा मापाने आवळावा. घरच्या पान्याने, घरच्या माणसाच्या हाताने सुटतो तोच नट योग्य बसला, ही सोपी कसोटी आहे.

आणखी काही बारकावे. साध्या लोखंडी चाकांच्या जागी अ‍ॅलॉय चाके बसवली असतील, तर त्यांच्या बैठकीला जुळणारेच नट हवेत. चोरीपासून बचावासाठी कुलपी नट असतील, तर त्यांची किल्ली गाडीतच, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावी. काही मोठ्या गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. तिची साखळी आणि स्क्रूही गंजतात, म्हणून स्टेपनी त्याच दिवशी खाली उतरवून तिची हवा पाहावी. ज्यांच्या घरी जुन्या मालमोटारी आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की अशा काही वाहनांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथे ‘सोडवण्याचा’ प्रत्येक प्रयत्न नट अधिकच आवळतो.

तरीही अडलाच तर

रस्त्यात प्रसंग आलाच तर पहिला विचार माणसांचा करावा, चाकाचा नंतर. गाडी रहदारीपासून शक्य तितकी दूर घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागे अंतरावर त्रिकोण ठेवावा. वृद्ध आणि मुले यांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी बसवावे. त्यांचे पाणी, औषध, नियमाची वेळ यांची विचारपूस त्याच क्षणी करावी. एकाने चाक पाहावे, दुसऱ्याने माणसे. जॅकची फळी ठेवण्यापूर्वी जमिनीवर दृष्टी टाकावी. पावसाळी गवतात जीवजंतू पुष्कळ असतात आणि यतना रस्त्याच्या कडेलाही सुटत नाही.

नटाच्या मापाचा सहा कोनांचा गोटी पाना पूर्ण खोल बसवावा. बारा कोनांचा किंवा झिजलेला पाना कोपरे खातो. गंज सोडवणारे तेल थोडेसे, नेमक्या जागी मारावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. हलके ठोके द्यावेत, कारण कंपनाने तेल फटीत उतरते. मग नट आधी किंचित आवळून, नंतर सोडवावा. गंजाची पकड मोडण्यास पुष्कळदा एवढे पुरते. दांडा लांब घ्यावा, पण जोर संथपणे वाढवावा, हिसका देऊ नये. पाना घसरला तर आपला तोल जाणार नाही अशा बेताने उभे राहावे. गाडी जॅकवर असताना असा जोर कधीही लावू नये.

नट सुटूनही चाक हबला चिकटले असेल, तर जॅकवर उभ्या गाडीच्या चाकाला लाथा घालू नयेत. नट पुन्हा बोटांनी लावून एखाद-दुसरा फेरा सैल ठेवावेत, गाडी खाली उतरवावी आणि अगदी हातभर पुढे-मागे सरकवावी. गाडीच्या भाराने चिकटलेली पकड सुटते.

कोपरे गोल झालेल्या नटासाठी आतून दाते असलेला खास गोटी पाना मिळतो, तो मेकॅनिककडे असतो. नट तापवून काढण्याचा उपाय केवळ कार्यशाळेत, जाणत्या हातांनी करावा. ज्योतीच्या उष्णतेने टायर फुटू शकतो आणि चाकाचे बेअरिंग व ब्रेक यांची हानी होते. तापवून किंवा तेल मारून काढलेल्या नटाची जागा साफ व कोरडी करावी, ब्रेकवर तेल उडाले असल्यास ते निपटून काढावे. तापवलेला नट आणि त्याचा स्टड पुन्हा वापरू नयेत. एक स्टड तुटला असताना ‘बाकीचे आहेतच’ म्हणून लांबचा पल्ला गाठणे हा निव्वळ अविवेक होय.

अर्ध्या तासाच्या शांत प्रयत्नाने नट हलला नाही, तर थांबावे आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांक त्यासाठी आहे. जिवाला धोका असल्यास 112. त्याच वेळी घरच्या वडीलधाऱ्यांना दुसऱ्या वाहनाने पुढे धाडावे. त्या रविवारी हे सुचले असते तर आजी दिवस असतानाच घरी पोहोचल्या असत्या. नट हलवण्याच्या जिद्दीत घरच्यांना नेमके त्याचेच भान उरले नाही.

आजींच्या प्रकृतीला त्या रात्री काही बाधा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर त्यांनी पाणी घेतले, गोळी घेतली आणि नातवाच्या नडगीला स्वतः हळद लावली. त्याच आठवड्यात चारही चाकांचे नट आणि तो एक स्टड नवे बसले. दिवाळीत दुकानात वहीपूजन झाले, तेव्हा मुलाने जुन्या चोपडीचे एक कोरे पान मागून घेतले आणि त्यावर तिथी घालून एक ओळ लिहिली : चाके चार, नट सोळा, सर्व हाताने सुटले. खालची जागा त्याने अक्षय्य तृतीयेसाठी मोकळी सोडली आहे.